पाण्यावरून पुन्हा हवेवर

२३ जून २००३. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अ‍ॅपलच्या प्रोग्रामर मंडळींचा वार्षिक मेळावा भरला होता आणि मंचावर स्टीव्ह जॉब्ज 'पॉवर मॅक जी५' नावाचं नवं यंत्र दाखवत होता. आयबीएमने बनवलेला पॉवरपीसी ९७० हा प्रोसेसर, वेग २ गिगाहर्ट्झपर्यंत, हवे असतील तर दोन प्रोसेसर. टाळ्या भरपूर पडल्या. त्या भरात त्याने एक आश्वासन देऊन टाकलं : बारा महिन्यांच्या आत ३ गिगाहर्ट्झ!

ते ३ गिगाहर्ट्झ कधीच आले नाहीत. पण ते गाठायच्या धडपडीत जे झालं ती गोष्ट मला फार आवडते. त्यात तापलेली सिलिकॉनची चकती आहे, मोटारीचे रेडिएटर बनवणारी कंपनी आहे, गळणारं पाणी आहे आणि वीस वर्षांनी करवत-कानस घेऊन बसलेली काही हट्टी माणसं आहेत. (घरच्या मंडळींना आधीच सांगतो, लेख संगणकाबद्दल आहे, पण शेवटपर्यंत वाचलात तर स्वयंपाकघरातल्या मिक्सरपर्यंत पोचेल!)

आधी यंत्राबद्दल. जी५ चा डबा म्हणजे जाळीजाळीचा अ‍ॅल्युमिनियमचा मोठा खोका, वजन वीस किलोच्या आसपास. बाजूचं झाकण काढलं की आत चार वेगवेगळे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्याची हवा वेगळी, पंखे वेगळे. एकूण नऊ पंखे. आता पंखे कमी करायचे की वाढवायचे? तर वाढवायचे, पण प्रत्येकाला हळू फिरवायचं. नऊ जण कुजबुजले तर एकाच्या ओरडण्यापेक्षा त्रास कमी, असा हिशेब. संगणक स्वतः तापमान मोजून पंख्यांचा वेग ठरवायचा.

एवढा खटाटोप का, तर अ‍ॅपलचं आणि पंख्यांचं जुनं वाकडं. १९८० सालच्या अ‍ॅपल ३ मध्ये जॉब्जच्या आग्रहामुळे पंखाच बसवला नव्हता. यंत्र तापायचं, आतल्या चिप आपापल्या खोबणीतून सैल व्हायच्या आणि मग 'संगणक दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडा' असा सल्ला गिर्‍हाईकांना मिळायचा, हा किस्सा प्रसिद्धच आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्येही पंखा नव्हता. २००० सालच्या जी४ क्यूबमध्येही नव्हता, तिथे गरम हवा आपोआप वर जायची. आणि मग २००२ मध्ये एक पॉवर मॅक जी४ असा निघाला की लोकांनी त्याचं नाव 'विंड टनेल' ठेवलं. इतका आवाज! त्या नामुष्कीवर जी५ हा उतारा होता.

उतारा चांगला लागू पडला. त्याच २००३ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात श्रीनिधी वरदराजन यांच्या पुढाकाराने दोन-दोन प्रोसेसरांचे ११०० जी५ एकमेकांना जोडले गेले आणि नोव्हेंबरमध्ये तो ढीग जगातल्या महासंगणकांच्या यादीत तिसर्‍या क्रमांकावर जाऊन बसला. दुकानात मिळणारं टेबलाखालचं यंत्र, आणि जगात तिसरं!

मग घोडं पेंड कुठे खायला लागलं?

इथे थोडं मागे जायला हवं. १९७४ मध्ये आयबीएमच्याच रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकार्‍यांबरोबर एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलात आणि त्याच प्रमाणात त्याचा व्होल्टेजही कमी करत गेलात, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतात, ते जास्त वेगाने चालतात आणि तरीही तेवढ्या जागेतली उष्णता वाढत नाही. म्हणजे फुकटची जेवणावळच की! पुढची जवळजवळ तीस वर्षं सगळा उद्योग या पंगतीत जेवला. दर दोनेक वर्षांनी चिप लहान करा, वेग वाढवा, जाहिरात करा.

पण व्होल्टेज कमी करायलाही मर्यादा आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे नळाची तोटी समजा. तोटी फार छोटी आणि नाजूक केली की ती बंद असतानाही ठिबकत राहते. ट्रान्झिस्टर काही काम करत नसला तरी त्यातून वीज झिरपते आणि तिची उष्णता होते. ९० नॅनोमीटरच्या टप्प्यावर हे ठिबकणं एवढं वाढलं की दुर्लक्ष करणं शक्य राहिलं नाही. आयबीएमने १३० नॅनोमीटरवरून ९० वर उडी मारली, ९७०एफएक्स नावाची छोटी चिप काढली, आणि ३ गिगाहर्ट्झ काही हाती लागेनात.

यात एकट्या आयबीएमला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच वेळी इंटेललाही तीच ठेच लागली. त्यांचा ९० नॅनोमीटरचा पेंटियम ४ फेब्रुवारी २००४ मध्ये आला तोच तापट. त्याच्या पुढचा प्रोसेसर इंटेलने मे २००४ मध्ये रद्द केला. त्याचं नाव होतं तेजस! तेज फार झालं म्हणून तेजस रद्द... आपल्यासारख्यांना यात जरा जास्तच गंमत वाटणार. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेतही त्यांनी सोडून दिला.

जून २००४. आश्वासनाची मुदत संपली. अ‍ॅपलने ३ च्या जागी २.५ गिगाहर्ट्झ आणले आणि तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना हवेचा नाद सोडून पाण्याकडे जावं लागलं.

पाणीच का? हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. शिवाय ९७०एफएक्स ही चिप लहान होती, म्हणजे उष्णता थोडक्या जागेत एकवटलेली. ती तिथून झटपट उचलून मोठ्या जागेत पसरवायला वाहतं पाणी उत्तम. चिपला चिकटून एक धातूची पोकळ पाटी, तिच्यातून फिरणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, ते ढकलायला पंप, आणि गरम झालेलं मिश्रण निववायला पातळ पात्यांचा रेडिएटर, मागे पंखे. म्हणजे हुबेहूब मोटार. आणि ते बनवलं होतं कोणी? डेल्फीने. मोटारीचे सुटे भाग करणारी, १९९९ मध्ये जनरल मोटर्समधून वेगळी झालेली कंपनी. संगणकाच्या पोटात अक्षरशः गाडीवाल्यांनी केलेला रेडिएटर होता!

आता कोणी म्हणेल, संगणकाला पाणी लावणं म्हणजे काहीतरी अघटित. अजिबात नाही. मोठ्या संगणकांच्या घराण्यात पाणी पूर्वापार होतं. आयबीएमचा १९८० मध्ये जाहीर झालेला ३०८१ हा मेनफ्रेम पाण्यावरच थंड व्हायचा. सेमूर क्रे यांचा १९८५ चा क्रे-२ तर त्याच्याही पुढचा : त्याचे सर्किट बोर्ड सरळ फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणार्‍या द्रवात बुडवून ठेवलेले असत. मग नव्वदच्या दशकात आयबीएमने मेनफ्रेमच्या चिपचा जुना बायपोलर प्रकार सोडून कमी वीज खाणारा सीमॉस प्रकार घेतला, आणि १९९४ पासून ते मेनफ्रेम पुन्हा हवेवर आले. म्हणजे पाण्यावरून हवेवर येण्याचा हा प्रवास आयबीएमने दहा वर्षं आधी एकदा करून झाला होता.

पण मेनफ्रेम आणि जी५ यांच्यात एक फरक होता, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. मेनफ्रेमच्या पाण्याकडे बघायला माणूस असायचा. पगारी माणूस, देखभालीचा करार, नोंदवही. वॉशर कधी बदलला, पाण्यात काय मिसळलं, सगळं लिहिलेलं. पाणी म्हटलं की पाणक्या आलाच. विदर्भातल्या मंडळींना विचारा, कुलर घरात आला की 'आज पाणी भरायची पाळी कोणाची' हेही घरात येतं. घाटात एसटी तापली की ड्रायव्हर बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओततो, कारण ओतायला तिथे झाकण आहे आणि ओतायचं असतं हे त्याला ठाऊक आहे. जी५ मधली पाण्याची यंत्रणा कायमची बंद होती. मालकाने भरायची नाही, तपासायची नाही, उघडायची तर नाहीच. पाणी आहे, पाणक्या नाही.

अर्थात त्या वेळी हे कोणाला जाणवलं नाही. एप्रिल २००५ मध्ये २.७ गिगाहर्ट्झचा जी५ आला, पुन्हा पाण्यावर. त्याच वेळी २.३ गिगाहर्ट्झचा मात्र हवेवरच चालत होता. मग ६ जून २००५ ला जॉब्जने त्याच मेळाव्यात सांगून टाकलं की आम्ही इंटेलकडे चाललो. ३ गिगाहर्ट्झचं आश्वासन पुरं झालं नाही हेही त्याने मंचावरून कबूल केलं, आणि कारण दिलं ते 'दर वॅटमागे किती काम' या हिशेबाचं. दोन वर्षांपूर्वी तोच माणूस नुसत्या वेगाच्या गोष्टी करत होता...

ऑक्टोबर २००५ मध्ये शेवटचा जी५ आला, 'क्वाड'. ९७०एमपी या चिपमध्ये दोन गाभे, अशा दोन चिप, वेग २.५, किंमत ३२९९ डॉलर, वीजपुरवठ्याचा डबा १००० वॅटचा. (आपला मिक्सर साधारण ५००-७५० वॅटचा असतो. पोचलो की नाही स्वयंपाकघरात?) अर्थात पाण्यावर. त्याच महिन्यात डेल्फीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याची कारणं वेगळी होती, पण योगायोग लक्षात राहतो. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच डब्यात, जवळपास त्याच रूपात इंटेलवाला मॅक प्रो आला. तो मुकाट्याने हवेवर चालत होता. १९९४ मध्ये सुरू झालेलं मॅकमधलं पॉवरपीसीचं पर्व संपलं, आणि त्या पर्वातलं सगळ्यात वेगवान यंत्र म्हणून क्वाड मागे राहिला.

आणि मग, काही वर्षांनी, गळती.

सगळेच गळले असं नाही. पण रबराची कडी ही रबराची कडी असते. रोज तापायचं, रोज निवायचं, असं वर्षानुवर्षं झालं की ती कडक होते, आक्रसते, आणि सांध्यातून एक थेंब बाहेर येतो. यंत्रणा वरच्या बाजूला, आणि वीजपुरवठ्याचा डबा नेमका सगळ्यात खाली. थेंब बोर्डावरून ओघळत खाली जातो, तांब्याला हिरवट पुटं चढतात आणि एके दिवशी यंत्र चालू होत नाही. मालकाला त्याआधी काहीच कळत नाही, कारण बाहेरून ते देखणं अ‍ॅल्युमिनियम जसंच्या तसं असतं.

ज्यांचा या यंत्रावर जीव आहे त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, जुनी यंत्रणा खोलून, धुऊन, नव्या कड्या घालून नवं मिश्रण भरायचं. दोन, आजकाल बाजारात मिळणारे पाण्याचे पंप आणि नळ्या जुळवून आणायच्या. आणि तीन, पाणीच काढून टाकायचं : हवेवर चालणार्‍या जी५ मधले हीटसिंक घ्यायचे, कापायचे, भोकं पाडायची आणि क्वाडच्या चिपवर बसवायचे.

तिसर्‍या वाटेचं काम मी एका मित्राच्या गॅरेजमध्ये जवळून पाहिलं. त्याचा क्वाड गळत नव्हता. "गळायची वाट कशाला बघू रे?" एवढंच त्याचं म्हणणं. काम ऐकायला सोपं आणि करायला किचकट. हीटसिंक म्हणजे तळाला तांबं, त्यातून निघालेल्या उष्णतावाहक नळ्या आणि वर अ‍ॅल्युमिनियमची पाती. (गंमत म्हणजे त्या नळ्यांच्या आतही थोडंसं द्रव असतंच! ते चिपपाशी उकळतं, वाफ पात्यांकडे जाते, निवून द्रव परत येतं. पंप नाही, सांधे नाहीत, नळी दोन्ही टोकांना कायमची बंद. १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामॉसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही कल्पना नावारूपाला आणली.) म्हणजे 'पाणी काढलं' म्हणायचं ते तितकं खरं नाही, पाणक्याची गरज काढली म्हणायला हवं.

भोकं जुळत नव्हती म्हणून पट्टी कापून नवी भोकं पाडली. कडेची पाती आड येत होती म्हणून तीही कापली. चिपवर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं, त्यामुळे स्क्रू आवळताना एक बाजू जास्त आवळली गेली तर कोपर्‍याचा टवका उडायची भीती. तो समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत होता, आणि आम्ही दोघं श्वास धरून. शेजारचे वीज नियंत्रित करणारे भागही तापतात, त्यांना मऊ पॅड लावून हीटसिंकला टेकवावे लागले. बरं, एवढं करून संपत नाही. क्वाड पंपाच्या फेर्‍याही मोजत असतो, पंप नाहीसा झाला की त्याला शंका येणारच. शिवाय जी५ मध्ये प्रोसेसरची अशी काही हलवाहलव केली की अ‍ॅपलच्या दुरुस्तीवाल्यांच्या डिस्कवरून 'थर्मल कॅलिब्रेशन' करावं लागतं, नाहीतर पंखे जीव तोडून फिरत राहतात. तेही केलं.

आणि वेगाचं काय? इथे मला या सगळ्या गोष्टीचं सार सापडलं असं वाटतं. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावाच लागतो. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. हीच ९७०एमपी चिप २.३ गिगाहर्ट्झला अ‍ॅपलनेच हवेवर विकली होती. २.३ आणि २.५ मधला फरक जेमतेम नऊ टक्के. एका वेळी चारही गाभ्यांवर पूर्ण भार आला तर मित्राचा क्वाड आता पूर्वीपेक्षा मोठ्याने घोंघावतो. एरवी तो मॅकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा वेग 'कमी' वर ठेवतो. यंत्र शांत, थंड आणि कोरडं.

मी त्याला विचारलं, मग हा क्वाड राहिला का? ज्या गोष्टीसाठी क्वाड ओळखला जातो तीच तू काढलीस.

तो म्हणाला, "मूळ यंत्रणा रिकामी करून खोक्यात घालून ठेवलीय, चिठ्ठी लावून. ज्याला इतिहास बघायचाय त्याने खोकं उघडावं. मला यंत्र चालवायचंय."

मला वाटतं तो बरोबर आहे, पण विरुद्ध बाजूही पोकळ नाही. एखाद्या संग्रहालयात क्वाड ठेवायचा तर तो पाण्याच्या यंत्रणेसकटच हवा. २००५ मध्ये उद्योग कुठल्या भिंतीवर जाऊन आपटला होता हे त्या पंपाइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. मात्र त्यातलं पाणी काढूनच ठेवलं पाहिजे, नाहीतर पुरावाच पुराव्याला खाऊन टाकेल. आणि चालवायचा तर बदल करणं भाग आहे. जुन्या वाड्याची तुळई बदलतो तेव्हा वाडा बदलला असं आपण म्हणत नाही, पण जुनी तुळई कशी होती याचा फोटो काढून ठेवत नाही ही आपली खोड.

चालणारं यंत्र कशाला हवं, हा प्रश्न घरून येणारच. तर ऐका. मॅक ओएस टेन टायगर ही व्यवस्था जी५ वर चालते, आणि जुने ओएस ९ चे प्रोग्राम तिच्या 'क्लासिक' सोयीत उघडतात. २००७ च्या लेपर्डमध्ये ती सोय गेली, २००९ च्या स्नो लेपर्डने पॉवरपीसीच सोडला. युनिकोडच्या आधी मॅकवर जुळवलेला मराठी मजकूर ज्या-त्या फाँटच्या आपापल्या सांकेतिक लिपीत अडकलेला आहे. तो फाँट आणि तो प्रोग्राम चालवणारं यंत्र नसेल तर ती फाइल म्हणजे नुसती चिन्हांची रांगोळी. आपल्यापैकी ज्यांनी फाँटच्या भानगडी सोसल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. या कामाला साधा जी४ सुद्धा पुरतो, हे खरं. पण या जुन्या यंत्रांसाठी कोणी काही नवं लिहायचं, जुळवायचं म्हटलं की चार गाभ्यांचा क्वाड कामाला येतो. टेनफोरफॉक्स नावाचा ब्राउझर २०१० ते २०२१ अशी अकरा वर्षं पॉवरपीसी मॅकसाठी निघत राहिला, तो असल्या जित्या ठेवलेल्या यंत्रांच्या जोरावरच.

आणि पाणी? ते परत आलंय. आयबीएमने २००८ मध्ये पॉवर ५७५ पाण्यावर आणला. पुण्यात आयसरमध्ये २०१९ साली सुरू झालेला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवावर थंड होणारा आहे. एआयची मोठमोठी गोदामं आता नळ्यांनीच भरतायत. पण तिथे पाणक्या आहे. गळती कळवणारे सेन्सर आहेत, रात्रपाळीला माणूस आहे. पाणी वाईट नव्हतं, ते जिथे कोणी बघणारं नाही अशा ठिकाणी ठेवलं गेलं, एवढंच.

असो. एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या माळ्यावर पॉवर मॅक जी५ पडून असेल तर मॉडेल बघा. २००४ चा दोन प्रोसेसरांचा २.५, २००५ चा २.७ किंवा क्वाड असेल, तर लगेच चालू करून बघू नका. आधी वायर काढलेली असू द्या, झाकण काढा, टॉर्च घ्या आणि तळाशी ओल, डाग किंवा हिरवट-पांढरी पुटं दिसतात का ते पाहा. दिसली नाहीत तरी हार्ड डिस्क काढून आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. हीटसिंक कापायचे की नाही ते मग सावकाश ठरवता येईल.